टीप परत करायला गेलेली वनिता

मार्चमधला मंगळवार, दुपार उलटलेली. किचनमध्ये हजर: मी, म्हणजे रिसॉर्टची रेस्टॉरंट मॅनेजर, स्वयंपाकी रामदासभाऊ, जंगल सफारीच्या जिप्सीचा ड्रायव्हर प्रमोद. गैरहजर: वेट्रेस वनिता.

वनरक्षकाचा फोन नुकताच येऊन गेला होता. पिल्लंवाली वाघीण नाल्यात आहे, मागची पायवाट बंद करा.

"वनिता कुठे आहे?"

"थे त मागच्या वाटेनंच गेली," रामदासभाऊ म्हणाले. "जपानी पाहुण्याईनं टेबलावर पैसे ठेवले. त्याईची गाडी रस्त्यानं फिरून येते, नाक्यावर गाठतो म्हणे."

आदल्या आठवड्यात ट्रेनिंगमध्ये मीच टीपच्या पद्धती शिकवल्या होत्या. अमेरिकेत वेटरची कमाईच टीपवर, न देणं म्हणजे अपमान. फ्रान्समध्ये सर्व्हिस बिलातच धरलेली. जपानमध्ये टीप नसतेच. पैसे राहिले तर वेटर मागे धावून परत देतो. बाकीचे हसले होते. वनिता नाही. तिच्या गावात जेवू घातलेल्याकडून कोणी पैसे घेत नाही.

तिचा मोबाइल ड्यूटीच्या नियमाप्रमाणे लॉकरमध्ये होता.

प्रमोदने मला घेऊन जिप्सी पायवाटेवर घातली. दोन्ही बाजूंनी बांबू गाडीला घासत होता. हाका मारायच्या नाहीत, वाघीण बिथरते. तेवढ्यात चितळ ओरडलं, पुन्हा ओरडलं. म्हणजे वाघीण जवळच होती. पुढे वाटेत वनिताची एकच चप्पल पडलेली.

वळणावर वनिता दिसली. मोहाच्या झाडाला पाठ लावून, पुतळ्यासारखी. नजर बांबूवर. प्रमोदने गाडी तिच्या आणि बांबूच्या मध्ये घातली, मी तिला दंडाला धरून आत ओढलं. बांबूतून खालच्या आवाजात गुरगुर आली.

बरंच पुढे गेल्यावर प्रमोद म्हणाला, "वाघिणीलेच टीप द्याले गेली होती का वं?"

मग त्यानेच गाडी हळू करून विचारलं.

"पळाली काऊन नाई?"

"पळलो असतो त राह्यलो असतो का?" वनिता म्हणाली.

वनखात्याच्या नाक्यावर नोंदीसाठी पाहुण्यांची गाडी उभीच होती. वनिताने नोटा पुढे केल्या. त्यांच्यातले एक गृहस्थ कमरेत वाकले, त्यांनी खिशात हात घातला आणि काळजीने मला विचारलं, "कमी पडले का?" भारतात टीप द्यावीच लागते, असं ते वाचून आले होते.

पाहुणा स्वतःच्या देशाची रीत घेऊन येईलच असं नाही. कधी तो आमची रीत पाठ करून येतो. ट्रेनिंगमध्ये ही ओळ आता घातली आहे. मोबाइल ड्यूटीवर जवळ ठेवायची परवानगी दिली आहे.

वाघीण अजून त्या नाल्यावर येते. मागच्या वाटेला फाटक बसवायचं बाकी आहे.