उंटाची सांडणी

शाळेत तिला आधी ‘उंट’ म्हणायचे. मान लांब, पाय त्याहून लांब, आणि बाकाखाली गुडघे मावायचे नाहीत. तेव्हा सगळे तिला मुलगा समजत. मग उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि आठवीच्या पहिल्या दिवशी उंट वर्गात आला तो मुलींच्या गणवेशात, दोन वेण्या घालून. केस पुरेसे वाढले नव्हते, त्यामुळे वेण्या शिंगांसारख्या ताठ उभ्या राहिल्या होत्या.

“आता तुला उंट म्हणायचं की काय म्हणायचं?” मागच्या बाकावरून एकानं विचारलं.

तेवढ्यात भाषेच्या बाई आत आल्या. तिनं उभं राहून त्यांनाच विचारलं, “बाई, उंटाचं स्त्रीलिंगी रूप काय हो?”

बाईंनी चष्म्यावरून तिच्या वेण्या पाहिल्या, मग वर्ग पाहिला. “सांडणी,” त्या म्हणाल्या. “वह्या काढा. सगळ्यांनी पाच वेळा लिहा.”

सगळ्यांनी लिहिलं. त्या दिवसापासून ती सांडणी झाली.

घरी हे प्रकरण सुट्टीतच उरकलं होतं. आई शिवणकाम करायची. लेकीनं सांगितलं तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, त्यामुळे तिला लगेच काही बोलताच येईना. एकेक टाचणी काढून तिनं डबीत ठेवली आणि म्हणाली, “मग आत्ताच शिवलेल्या दोन पँटींचं मी काय करू?” वडील बस चालवायचे. ते जेवले, हात धुतले आणि म्हणाले, “गाडीला पाटी चुकीची लागली होती म्हणायची.” मग न्हाणीघरात शिरून बराच वेळ नळ सोडून बसले. त्या दिवशी पाणी वाया घालवल्याबद्दल त्यांना कुणी बोललं नाही. पुढं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे मायलेकींच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथं काय चालतं हे त्या दोघी कुणाला सांगत नसत, आणि त्यात कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतंही.

शाळेत सांडणीची ख्याती वेगळ्याच कारणानं होती. खेळाच्या सरांच्या शिट्टीत च्युइंगगम भरणारी तीच. मुख्याध्यापिकाबाईंच्या खुर्चीची चाकं उलटी बसवणारीही तीच. या उद्योगांत तिची जोडीदार होती चिमणी, कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांची मुलगी. चण लहान, तोंड तिखट, आणि धावायला लागली की शाळेतल्या एकाही मुलीला हाती न लागणारी. शिट्टी भरायची सांडणीनं, पळून दाखवायचं चिमणीनं, अशी वाटणी होती.

त्या वर्षी सांडणीनं मुलींच्या शर्यतीत नाव दिलं आणि औषधवाले काका तडक मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत पोचले.

“मी काही जुन्या विचारांचा माणूस नाही,” त्यांनी सुरुवात केली. “पण पाय बघा हो तिचे! माझी पोर रोज पहाटे उठून धावते. तिच्यावर अन्याय नको.”

“आधी धावू तर द्या तिला,” बाई म्हणाल्या.

सांडणी धावली. म्हणजे तिचा उजवा पाय एका शर्यतीत होता आणि डावा दुसऱ्याच. हात कुठं ठेवावेत हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही. ती शेवटून पहिली आली, आणि तेही अंतिम रेषेवर पाय अडकून पालथी पडत.

औषधवाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. “गुणी पोर आहे हो!” ते चारचौघांना सांगत सुटले, आणि दुकानातला ग्लुकोजचा पुडा त्यांनी स्वतः तिच्या हातात दिला. इतर आईबापांनीही तिच्या पाठीवर थाप मारली. त्या दुपारी मैदानावर जेवढी मोठ्या मनाची माणसं गोळा झाली होती, तेवढी त्या शाळेनं पुन्हा कधी पाहिली नाहीत.

चिमणी तेवढी संतापली. “धावत होतीस की पडायला जागा शोधत होतीस?”

“दोन्ही.”

“उद्या पहाटे ये. माझी अब्रू जाते तुझ्यामुळं.”

वर्षभर चिमणीनं तिला पिदडलं. कोपर कुठं ठेवायचं, श्वास कधी घ्यायचा, वळणावर अंग किती कलवायचं, सगळं शिकवलं. चुकलं की मागून ढेकूळ फेकून मारायची. हळूहळू सांडणीचे दोन्ही पाय एकाच दिशेनं पळू लागले. आणि नववीत, शाळेच्या सामन्यात, सांडणीनं चिमणीला छातीभर अंतरानं हरवलं.

औषधवाल्यांनी टाळीसाठी एक हात उचलला होता, तो तसाच राहिला. मग त्या हातानं त्यांनी कान खाजवला.

चिमणी नळापाशी बूट काढून बसली होती. सांडणी भीत भीत जवळ गेली.

“मला राग आलाय,” चिमणी म्हणाली. “तुझा नाही.” मग बुटातली माती झटकत, “नाही, तुझाच आलाय. तुझे पाय बघितले की वाटतं, माझं पहाटे उठणं फुकट गेलं.”

“मग आता बोलणार नाहीस?”

“बोलणार आहे. आज नाही.”

आठवड्याच्या आत पालकांची सभा भरली. औषधवाले उभे राहिले. बोलले ते मनापासून. “मुलींना मैदानावर जागा मिळायलाच किती काळ गेला! आता कुठं त्यांच्या वाट्याला चार पदकं येतात. त्यांचं नुकसान होत असेल तर आम्ही बोलायचंच नाही का?” बऱ्याच माना हलल्या. त्यांत काही माना सांडणीशी प्रेमानं वागणाऱ्यांच्याही होत्या.

तेवढ्यात मागून एक गृहस्थ म्हणाले, “एकदा त्या मुलीला नीट तपासून, मोजूनच घ्या ना.”

सांडणीची आई उठली. गळ्यातला टेप काढून ती थेट त्या गृहस्थांपाशी गेली. “माझा धंदाच मोजायचा आहे. तुमच्यापासून सुरुवात करते. पाय सरळ करा.” गृहस्थ खुर्चीत मागं मागं सरकू लागले, पण ती काही सोडेना. मग ती पुढच्या खुर्चीकडं वळली, मग त्याच्या पुढच्या. सभेतले सगळ्यात लांब पाय मुख्याध्यापिकाबाईंचे निघाले. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

हसणं ओसरल्यावर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “आता जिच्याबद्दल बोलतोय तिला बोलू द्या.”

सांडणी उठली. नेहमीचा वात्रटपणा कुठल्या कुठं पळाला होता. “माझे पाय लांब आहेत. त्याचा फायदा होतही असेल. किती, ते डॉक्टरीणबाईंनाही नक्की सांगता येत नाही. पण मला मुलांच्या शर्यतीत पाठवू नका. तिथं हरेन म्हणून नाही. तिथं जी धावेल ती मी नसेनच.” मग तिनं औषधवाल्यांकडं पाहिलं, आणि तिचा मूळ स्वभाव परत आला. “काका, शेवटची आले तेव्हा मी मुलगी होते. तुम्ही ग्लुकोजसुद्धा दिलंत. मग जिंकल्यावर कशी राहिले नाही, तेवढं सांगा.”

काकांनी पाणी मागितलं.

शाळेनं ठरवलं, शाळेत ती मुलींबरोबरच धावेल. पण सगळ्या शाळांच्या सामन्यांची समिती वेगळी होती. त्यांनी कळवलं, यंदा नाही, विचार करावा लागेल. ते कळलं तेव्हा सांडणी कपडे बदलायच्या खोलीत दार लावून रडली. खेळाच्या सरांनी दार वाजवलं.

“सामन्याच्या दिवशी निवेदन करायला माणूस हवाय. रडायचं असेल तर माईकवर रड, निदान सगळ्यांना ऐकू जाईल.”

तिनं माईक घेतला, आणि त्या मैदानावर असलं निवेदन पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. “गोळाफेकीच्या आसपास उभे असलेल्या काकू, गोळा तुम्हाला ओळखत नाही, मागं सरका.” “तिसऱ्या लेनमधल्या मुलीच्या बुटाची नाडी सुटली आहे, तिच्या आईचा धीरही सुटला आहे.” मग चिमणीची शर्यत आली. “पाचव्या लेनमध्ये आमची चिमणी. हिला हरवायचं कसं ते मला माहीत आहे, आणि समितीनं मला सांगायला मनाई केलेली नाही, फक्त धावायला केली आहे.” समितीचे प्रमुख टोपी सावरत हसले, मग आपण हसायला नको होतं हे आठवून गंभीर झाले.

चिमणी जिंकली. पदक गळ्यात पडताच ती मंचावर माईकपाशी आली आणि सांडणीच्या हातातून तो ओढून घेत म्हणाली, “माझी खरी शर्यत अजून व्हायची आहे. खाली उतर गं.”

“त्या शर्यतीला पदक मिळणार नाही,” प्रमुख घाईघाईनं म्हणाले.

“मागितलंय कुणी?”

घरी निघालेली माणसं माघारी फिरली. पहिल्यांदा सांडणी जिंकली. “पुन्हा,” चिमणी म्हणाली. पुन्हा धावल्या, चिमणी जिंकली. “पुन्हा,” सांडणी म्हणाली. औषधवाले दोरीला ओणवून ओरडत होते, “हात! अगं, हात हलव!” आणि ते कुणासाठी, हे त्यांच्या बायकोलाही कळेना. शेवटी माळीबुवांनी वैतागून हिरवळीचे फवारे सोडले, तेव्हा दोघी चिखलात बसून हसत होत्या.

पुढच्या वर्षी समितीनं डॉक्टरांचा दाखला आणि दरवर्षी फेरविचार, या अटींवर तिला परवानगी दिली. सांडणी धावली. काही शर्यती जिंकली, त्याहून जास्त हरली. तक्रारी थांबल्या नाहीत, आणि काही तक्रारी प्रामाणिक आहेत हे तिला कळत होतं. अशा मुलींशी ती भांडत नसे, त्यांना पहाटे धावायला बोलवायची. काही यायच्या, काही नाही.

शाळा सुटली तशी धावणंही सुटलं, माईक मात्र सुटला नाही. आता आसपासच्या गावांतल्या कुठल्याही सामन्याला निवेदन तिचंच असतं. औषधाचं दुकान चिमणी चालवते. दुकानातून मोकळे झालेले काका घडीची खुर्ची काखोटीला मारून प्रत्येक सामन्याला हजर होतात, बरोबर भोंग्याखाली बसतात आणि निकालावर हरकत घेतात.

“दुसरी आलेली मुलगी पहिली होती! मी डोळ्यांनी पाहिलं!”

“काका,” सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज येतो, “चष्मा खिशात आहे तुमच्या. आधी तो लावा, मग भांडू.”