हजेरी लावणारं दार

गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. गल्लीतल्या म्हाताऱ्या सुतारालाही सगळे गुण्याकाकाच म्हणत, कारण वाकडं काही दिसलं की त्याला चैन पडत नसे. दवाखान्यात गेला तरी डॉक्टरांना जीभ दाखवायच्या आधी तो त्यांच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय दाखवायचा. चाळीस वर्षं त्याने लोकांची दारं बसवली. दाराने त्याला नाचवलं ते मात्र सत्तरीत.

झालं असं की त्याची सहावीतली नात रोज मधल्या सुट्टीत, दीड वाजता घरी यायची आणि परत जायची नाही. एक दिवस पोट दुखायचं, दुसऱ्या दिवशी डोकं. शेवटी सुनेने समोर बसवून खरं काय ते काढलं. शाळेत मुलींच्या संडासाला चौकट होती, दार नव्हतं. मुली सकाळपासून पाण्याचा घोट न घेता कळ काढत आणि सुट्टी झाली की घरचा रस्ता धरत.

"बाबा, सहामाहीपर्यंत बघते," सून म्हणाली. "नाहीतर नाव काढते तिचं. घरी बसून शिवण शिकेल."

 नात वर्गात पहिली होती आणि सून एकदा बोलली की बोलली, हे गुण्याकाकाला पक्कं ठाऊक होतं.

गल्लीने शाळा सुधार समिती काढली. अध्यक्ष कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशी, कारण त्यांच्या जिभेला इस्त्रीपेक्षा जास्त चटका होता. सगळे मिळून शिक्षण कार्यालयात गेले. कारकुनाने एक जाडजूड वही उघडली आणि म्हणाला, "दार आहे."

"कुठे आहे?" गुण्याकाकाने विचारलं.

"हे काय, इथे." त्याने ओळीवर बोट ठेवलं. "आठ वर्षांपूर्वी बसवलंय. सुस्थितीत."

"मग हे पानच फाडून द्या," मावशी म्हणाल्या. "चौकटीला लावतो."

"नवीन हवं असेल तर जुनं मोडकं दार इथे जमा करा."

"अहो, जे कधी नव्हतंच ते मोडायचं कसं?"

"ते तुम्ही बघा," असं म्हणून कारकुनाने वही मिटली.

गुण्याकाकाने दोन दिवसांत स्वतःच दार केलं. निळं, जाड फळ्यांचं, आतून भक्कम कडी असलेलं. पण मुख्याध्यापिका बाईंनी कपाळाला हात लावला आणि परिपत्रक पुढे केलं. शाळा सुटल्यावर कोणतीही खासगी वस्तू इमारतीत राहता कामा नये. बाई चांगल्या होत्या, पण निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस जपूनच पावलं टाकतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शाळेच्या वेळेत राहू नये, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही."

झालं! काकाने बिजागऱ्यांना ओढून काढता येणाऱ्या खिळी घातल्या. रोज सकाळी दहाला दार हातगाडीवर आडवं पडून शाळेत जायचं. शाळेचा शिपाई दुसरं टोक धरायचा, दोघे मिळून ते चौकटीत बसवायचे आणि पाचला दार घरी परतायचं. घरी ते पलंगामागे उभं असे आणि सून त्यावर ओले टॉवेल टाकी. रस्त्यात लोक विचारत, "काय काका, दार शाळेत निघालं का?" बाईंनी तर कौतुकाने सांगितलं, की वर्गातल्या एकाही मुलाची हजेरी त्या दाराइतकी नाही. एकदा काका तापाने आडवा झाला आणि दाराचाही खाडा झाला. त्या दिवशी दीड वाजता पोरी पुन्हा घरी.

असं किती दिवस चालायचं? मावशींनी घरोघरी सह्या गोळा केल्या आणि कार्यालयापुढे इतक्या वेळा जाऊन बसल्या, की अखेर एक साहेब तपासणीला यायला तयार झाले. आदल्या संध्याकाळी मावशींनी काकाला बजावलं, "उद्या तेवढं दार घरी ठेवा. साहेबांना मोकळी चौकट दिसू दे."

"ठेवतो की," काका म्हणाला.

आणि सकाळी दहाला तो दार घेऊन हजर! करणार काय? एक तर पोरींचा दिवस बुडाला असता. दुसरं, आणि हे त्याने कुणाला सांगितलं नाही, एक परका माणूस येणार आणि आपल्या शाळेची उघडी चौकट बघणार, हे त्याच्या हाताला सहन होईना. उलट त्याने बिजागऱ्यांना तेलही घातलं. साहेबांनी दार तीनदा उघडलं, तीनदा लावलं. "वा, कुरकुरतही नाही!" म्हणाले. वहीत लिहिलं, 'नोंदीप्रमाणे दार आहे, सुस्थितीत,' आणि दारावर पांढऱ्या रंगात सरकारी नंबर घालून निघून गेले.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पाहिले होते," मावशी कडाडल्या. "तुम्ही तर धोंड्याला आधी रंधाही मारलात!"

पाचला काका नेहमीसारखा हातगाडी घेऊन आला; त्याच्या लेखी दार अजून खासगीच होतं. शिपायाने दुसरं टोक धरलं, पण तो अवघडला होता. "काका, नंबर पडलाय आता. मला कळवावं लागेल."

"कळव की. आधी तुझी बाजू जरा वर घे."

दुसऱ्या दिवशी कार्यालयाची माणसं आली आणि पलंगामागून सरकारी दार जप्त करून घेऊन गेली. टॉवेलांसकट. दार पुरावा म्हणून कोठीत पडलं. नात पुन्हा दीडला घरी येऊ लागली. काका रोज कोपऱ्यावर तिची वाट बघत उभा राहायचा, कारण ती खाली मान घालून यायची आणि ते त्याला एकट्या सुनेवर सोडवत नसे. सहामाही आठ दिवसांवर आली, तेव्हा सुनेने कपाटातून शाळेचा दाखला मागण्याचा अर्ज काढून ठेवला. त्याच आठवड्यात चौकशीची तारीख लागली.

काका पिशवीत फळीचा उरलेला तुकडा घेऊन गेला. त्याच्या लाकडाच्या रेषा दाराच्या फळीशी तंतोतंत जुळत होत्या. आंधळ्यालाही हात फिरवून कळलं असतं, की दार याच माणसाचं आहे.

चौकशीला बसलेले साहेब कंटाळलेले होते. "दार तुमचं असेल तर दाखवा पुरावा आणि घेऊन जा. प्रकरण मिटलं."

"आणि चौकटीला?"

"नोंदीत दार आहेच."

काकाने पिशवीतून काढलेला फळीचा तुकडा हातातच राहिला. "मी चोरलं असेल तर?"

"तर चोरीचा माल मूळ जागी, पुन्हा निघणार नाही असा बसवून द्यावा लागेल. तुमच्या खर्चाने. आणि तुमच्या नावापुढे चोरी लागेल ती लागेलच."

चाळीस वर्षांत काकाने कुणाच्या घरचा खिळाही खिशात घातला नव्हता. काम संपलं की तो भुसासुद्धा मालकाला विचारून उचलायचा.  मग त्याने फळीचा तुकडा पिशवीत परत ठेवला.

"चोरलं, साहेब," तो म्हणाला. "मीच चोरलं."

मागे बसलेल्या मावशींनी पदर डोळ्यांना लावला. पण त्यांचं डोकं तोवर चालू झालं होतं. सोमवारी कार्यालयात कबुलीची रांग लागली. मावशींनी वाचनालयाची दोन कपाटं चोरली होती, न्हाव्याने पाण्याचे चार नळ. रिक्षावाल्याने थेट गणिताचे मास्तर पळवले होते. शाळेत यातलं काहीच नव्हतं, पण कारकुनाने वही उघडली, तर सगळं तिथे होतं, सुस्थितीत. कपाटांचं आणि नळांचं घोंगडं अजून भिजतंय. मास्तर मात्र आठ दिवसांत नवीन आले, कारण माणूस चोरीला गेल्याची नोंद कुणालाच वहीत नको होती.

दार काकाने रविवारीच बसवलं होतं, एकेका बिजागरीला सहा सहा स्क्रू मारून. सोमवारी दीड वाजता तो सवयीने कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. पावणेदोन झाले, दोन झाले. नात आली नाही. तो हलला नाही. तीन वाजता सून छत्री देऊन गेली. पाचला पोरींच्या घोळक्यातून नात आली.

"आबा, एक मुलगी म्हणाली, तुझे आबा दारचोर आहेत."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आत जा, कडी लाव आणि मग बोल."