पहिला भाव

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात, गेटाजवळ माझं चहाचं दुकान हाय. बाजाराच्या दिवशी म्हशी, टेम्पो, धूळ अन् फुकटचे सल्ले देनारे सगळे माझ्याच बाकड्यावर येऊन आदळतात. माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं असतं. रखमाजी आला की मात्र मी गप बसतो. इतका दमलेला मानूस मी दुसरा बघितला न्हाई, अन् दमलेल्या मानसावर ओरडायला माझा जीव होत न्हाई.

रखमाजी म्हशींचा दलाल. घेनारा एकीकडं, विकनारा दुसरीकडं, मधी हा. आमच्या बाजारात खरा भाव तोंडानं होत न्हाई. तोंडानं वरडतात ते लोकांना ऐकवायला. खरा भाव टॉवेलाखाली. हातावर टॉवेल टाकायचा, खाली एकमेकांची बोटं धरायची अन् दाबून आकडा सांगायचा. बघनाऱ्याला नुसता टॉवेल हललेला दिसतो. त्यातबी पैला भाव कुनी मान्य करत न्हाई, तो मोडायसाठीच सांगायचा असतो. समोरचा बोट सोडवून घेतो, दुसरं धरतो, मान हलवतो, घासाघीस चालते. पन एकदा 'जमलं' म्हनलं की सौदा मोडायचा न्हाई. मोडनाऱ्याला पुन्हा बाजारात कुनी हात देत न्हाई.

रखमाजीचा सवताचा एक नेम हुता. दलालानं आपला भाव सांगायचा न्हाई, दुसऱ्यांचा जुळवून द्यायचा. घरातबी तेच. त्याची बायको विमलबाई लई वैतागायची. "ह्यांना जेवायला काय करू इचारलं तर म्हनतात, तुला काय करायचंय?" विमलबाई वारली तवा त्यांची एकुलती लेक यशोधरा परदेशात हुती. ती पोचेपर्यंत सगळं उरकलं हुतं. तवापासून रखमाजी एकटाच भाकरी थापतो, गुडघे धरून उठतो, बाजाराला येतो.

यशोधरा तिकडं जिनिव्हाला हुती, त्या मोठ्या यंत्रावर. सुट्टीला आली की माझ्या बाकड्यावर बसून मला समजवायची. जमिनीखाली सत्तावीस किलोमीटरचा गोल बोगदा. त्यात अनूपेक्षाबी बारीक कन दोन्हीकडून पळवायचे अन् एकमेकांवर आदळायचे.

मी म्हनलं, "आदळून काय मिळतं? आमच्या हायवेवर रोज आदळतात."

ती हसली. म्हनली, "काका, आदळल्यावर जे तयार होतं ते आम्हाला दिसतच नाही. डोळा मिटायच्या आत संपतं. त्याच्या मागं राहिलेल्या खुणा बघायच्या अन् ओळखायचं. तुमच्या टॉवेलासारखं. बोटं दिसत नाहीत, टॉवेल हलताना दिसतो."

एवढं मला कळलं, अन् मला बरं वाटलं.

ती शाळेत हुती तवा त्या यंत्रात एक कन सापडला हुता. वस्तूला वजन कुठनं येतं, त्याच्याशी त्याचं नातं. जगभर नाचले म्हने लोक. तीबी त्यापायीच ह्या नादाला लागली. वाटलं, आता पुढचंबी सापडनार. विश्वात जे सामान हाय त्यातलं बहुतेक कुनाला दिसतच न्हाई, ते नेमकं काय हाय? मूळ प्रश्न हाच. सगळ्यांनी मान मोडून काम केलं. तिनं सवता काही वर्सं रात्रंदिवस त्या खुना चाळल्या. काही न्हाई. नवं असं काहीच न्हाई. आता म्हनतात, याहून मोठं यंत्र पाहिजे, नव्वद किलोमीटरचं. म्हंजे घोडेगावावरनं निघून शेवगाव, तिसगाव करत परत घोडेगावात, एवढा फेरा. ते बांधायचंबी अजून पक्कं न्हाई. बांधलं तरी सुरू व्हायला वीसेक वर्सं.

मी इचारलं, "अन् त्यातबी काय घावलं न्हाई तर?"

"तर तिथं नाही, एवढं कळेल," ती म्हनली. तिचे डोळे तवा अगदी बापासारखे दिसले. मला पोरीची लई कीव आली.

गेल्या दिवाळीनंतर तिचं तिकडचं काम संपलं अन् ती घरी आली. दोन गोष्टी हातात हुत्या. तिकडंच परत तीन वर्सांचं काम, पुढच्या यंत्राच्या तयारीचं. न्हाईतर नगरच्या एका कॉलेजात कायमची शिकवायची नोकरी. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं हुतं. कॉलेज धरलं की तिकडची वाट बंद. एकदा बाहेर पडलं की परत कुनी घेत न्हाई म्हने.

बाजार उठल्यावर दुपारी बापलेक दोघं माझ्याकडं आले. मी दोघांपुढं चहा ठेवला.

"आबा, आता तुम्हीच सांगा. जाऊ का राहू?"

"मी काय सांगू? तुझं तू बघ."

"मला तुमचं ऐकायचंय."

"जा मग. खुशाल जा," रखमाजी मोठ्यानं म्हनला, पार गेटापर्यंत ऐकू जाईल असं. "मला काय धाड भरलीय?"

यशोधरानं त्याच्याकडं बघितलं. मग त्याच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याच्या हातावर टाकला अन् आपला हात खाली घातला. "तोंडानं बोललेला भाव खरा नसतो, हे तुम्हीच शिकवलंत. एक बोट धरलंत तर जाते. सगळा पंजा धरलात तर राहते."

रखमाजीचं तोंड बाजारात असतं तसंच झालं, कोरं. तो टेम्पोत चढनाऱ्या म्हशींकडं बघत बसला. टॉवेल एकदा हलला अन् मग हललाच न्हाई. शेगडीवर दुसरा चहा उतू गेला तरी मला भान न्हाई. यशोधरानं मान खाली घातली. बऱ्याच येळानं हात काढला, टॉवेलाची घडी केली, बापाच्या खांद्यावर ठेवली.

"जमलं," ती म्हनली, अन् गार चहा पिऊन उठली.

मला वाटलं, चालली पोरगी. घर खायला उठंल आता बापाला. पन सोमवारी ती नगरच्या बसमधी बसली.

आता रोज जाते, रोज येते. पोरं शिकवते, घरी येऊन भाकरी करते, पैल्यांदा करपायच्या, आता चांगल्या असतात. मी एकदा इचारलं, तुझ्या त्या प्रश्नांचं काय? म्हनली, "प्रश्न कुठं पळून जातात, काका? कुणीतरी करील." अन् खिडकीची जागा मिळावी म्हनून बसकडं पळाली.

रखमाजीनं मात्र दलाली सोडली. बाजाराला येतो, बाकड्यावर बसतो, टॉवेल मांडीवर घेऊन. लोक बोलावतात, जात न्हाई. परवा माझं डोकं सटकलंच.

"लेक घरी आली, मूठभर मांस चढायला पाहिजे अंगावर. अन् तू असा सुतकात बसल्यासारखा?"

त्यानं मांडीवरचा टॉवेल सारखा केला. मग म्हनला, "भागवत, मी पंजा धरला."

"ते कळलंच की. बाप हायेस, धरशीलच."

"तसं न्हाई रे. मला एकच बोट धरायचं हुतं, शेवटी. पन एकदा, जन्मात एकदा, आपला भाव सांगून बघावा वाटलं. पैला भाव हुता तो. मला वाटलं, ती हात सोडवून घेईल. एक बोट पुढं करील. मी थोडं तानीन, ती थोडं तानील, अन् मग मी एक बोट धरून सोडून देईन."

"मग आता सांग तिला."

"झालेला सौदा मोडायचा कसा?"

"पोरगीबी दमली असंल," मी म्हनलं. "पैल्याच भावाला हो म्हनली, म्हंजे तिलाबी राहायचं असंल."

त्यानं मान हलवली. टॉवेल उचलला, हातावर टाकला, अन् खाली आपलाच हात आपन धरून बसला.

"लई वाट बघितली मी, भागवत. तिचा हात हललाच न्हाई. तिनं घासाघीसच केली न्हाई."