सहावा ड्रम

खून, दरोडे, दंगली, सगळं पाहून झालं. आता ते प्रसंग एकमेकांत मिसळून जातात. पण गल्लीत "पाणी आलं" अशी हाळी उठली की एक सकाळ जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. त्या सकाळी कुणाचा खून झाला नव्हता, चोरीही नव्हती. होऊ नये ते घडू द्यायचं नाही, एवढंच काम होतं.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत बसलो होतो, तेवढ्यात सरकारी रुग्णालयातल्या चौकीचा फोन आला. एक सून आणि तिची सासू, दोघींना श्वास घेता येत नव्हता आणि डोळे सुजले होते. अशा फोनवर ठाण्यातला पहिला अंदाज ठरलेला असतो. हवालदाराने तो बोलूनही दाखवला, "साहेब, सासू-सुनेचं वाजलं आसंल. काय तरी प्याल्या असतील."

"भांडणात एक पिते," मी म्हटलं. "दोघी मिळून कशा पितील?"

चौकशीची खोड मला लहानपणापासूनची. भाजीवाल्याचासुद्धा जबाब घेता तुम्ही, असं आमची मंडळी म्हणते. तेव्हा मी स्वतःच रुग्णालयात गेलो.

सून पंचविशीची होती. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तिने फाटक्या आवाजात सांगितलं, "नवा ड्रम घेतला हुता, साहेब. तळाला पांढरी पावडर हुती. ड्रमवाला म्हनला, सोडा हाय, त्यानंच घासून काढा. तांब्याभर पानी टाकलं तर धूरच आला की. सासूबाई धावत आल्या, त्यांनी वरनं आनी कळशीभर वतलं."

सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. प्रत्येक भागाची पाळी असते. पाळीच्या दिवशी जेवढं भरून घ्याल तेवढ्यावर पुढची पाळी येईपर्यंत काढायचं. त्यामुळे घर एका खोलीचं असो की बंगला, मोठे निळे ड्रम हवेतच. मुलगी देताना त्या घरी ड्रम किती आहेत हे नजरेने मोजणारे बाप मी पाहिले आहेत. नवा ड्रम परवडत नाही, म्हणून कारखान्यातून निघालेला जुना घेतात, घासतात आणि वापरतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्या सासू-सुनेच्या घराच्या अंगणात अग्निशमन दलाचा अधिकारी माझ्याआधी पोहोचला होता. हा बारीक चणीचा, कमी बोलणारा गृहस्थ. ड्रम अर्धवट वितळला होता आणि जळत्या काडेपेटीसारखा उग्र वास अजून रेंगाळत होता. त्याने सांगितलं, "टॉवेल-चादरींच्या रंगकामात वापरतात ती पावडर आहे. कामगार हायड्रो म्हणतात. कोरडी असली तर काही करत नाही. थोडी ओल लागली की तापते, विषारी धूर सोडते, पेटतेसुद्धा. बंद खोलीत झालं असतं तर या दोघी वाचल्या नसत्या."

पाण्याला घाबरणारा अग्निशमन अधिकारी मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी विचारलं, "असा हा एकच ड्रम असेल?" "ते तुम्ही शोधा," तो म्हणाला. तो प्रश्न माझ्या खात्याचा होता.

ड्रमवाला दुपारपर्यंत सापडला. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागे त्याची पत्र्याची शेड होती, आणि शेडमागच्याच खोलीत बिऱ्हाड. माणूस मूळचा सांगोल्याकडचा, घरची मेंढरं विकून शहरात आलेला. ठाण्यात आणला तेव्हा तोंडातलं उत्तर तयार होतं.

"मी धुऊनच इकतो, साहेब. आईची आन."

"हे कधी धुतले?"

"परवा. शेडम्होरं, नळाच्या पान्यानं. त्या बाईनंच काय तरी वतलं आसंल त्यात."

नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो. ओरडून विचारलं की माणूस पाठ केलेलं बोलतो. घरगुती विचारलं की त्याला पाठ केलेलं आठवायला सवड मिळत नाही. मी चहा मागवला. इकडचं तिकडचं बोललो. पोरं किती, मोठा कितवीत, बायको काय करते. मग चहाचा घोट घेता घेता म्हटलं, "तुमच्याकडे पाण्याची पाळी कधी असते हो?"

या प्रश्नावर सोलापूरचा माणूस गप्प बसूच शकत नाही. तो उसळलाच. "कसली पाळी, साहेब! पाइपलाइन फुटली म्हनत्यात. गेल्या पाळीपास्नं थेंब न्हाय नळाला. बायको तिच्या भावाकडनं दोन कळशा आनती, त्यात आंघोळ का सैपाक तुमीच सांगा..."

आणि तो थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"मग ड्रम कशानं धुतले?" मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला आणि रडू लागला. मला त्याचा राग आला होता, पण कीवही आली. पुढचं सगळं भराभर बाहेर आलं. टॉवेल-चादरींच्या एका कारखान्यातल्या रंगखात्याच्या स्टोअरवाल्याने खराब झालेला माल नियमाने नष्ट करायचा सोडून ड्रमांसकट भंगारात ढकलला होता. हा दरवेळी ड्रम धुवायचा, या वेळी पाणीच नव्हतं. पावडरीची विचारपूस करायचीही त्याला गरज वाटली नाही. सोडाच असेल असं धरून चालला. एकूण आठ ड्रम. एक त्या बाईचा, एक शेडमध्ये पडलेला. उरलेले सहा त्याच वस्तीत टेम्पोवरून विकले होते.

"कुणाला?"

"नाव कोन इचारतंय, साहेब? दारात आले, घिऊन गेले."

मी हवालदाराकडे पाहिलं. तो त्याच भागात राहायचा. त्याचा चेहरा उतरला होता. "साहेब," तो म्हणाला, "तितं उद्या सकाळी पानी हाय."

सहा घरांत सहा ड्रम कोरडे, निमूट उभे होते. सकाळी वस्तीभर नळ सुटणार, आणि ज्या घरात तो ड्रम खोलीच्या आत असेल तिथे काय होईल, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

संध्याकाळी आम्ही भोंगा लावून वस्ती पालथी घातली. "जुने ड्रम घेतलेल्यांनी बाहेर आणा, त्यात विषारी पदार्थ आहे." काय झालं असेल? दारं लागली. पोलीस चोरीचे ड्रम जप्त करायला आलेत अशी बातमी आमच्या गाडीच्या पुढे पुढे पळत होती. एका घरात तर पलंगाखाली गोधडी पांघरून ड्रम आडवा झोपवलेला होता. आम्ही तो ओढून काढला, तर तो जुना, स्वच्छ निघाला. घरमालकीण मला म्हणाली, "इख हाय का न्हाय ते बगू आमी. पर पाळीच्या आदल्या दिवशी ड्रम न्हेऊ नका, पाया पडते." विषापेक्षा ड्रम जाण्याची भीती मोठी होती. मला त्याचं आश्चर्य वाटलं, आणि विचार केल्यावर वाटेनासं झालं.

घरोघर झडती घ्यायची तर सकाळ झाली असती. लोकांना एकत्र कसं आणायचं? बंदोबस्ताच्या आठवणी चाळता चाळता एक गोष्ट लक्षात आली. या शहरात मोर्चा कधी निघतो? पाळीच्या दिवशी पाणी आलं नाही की.

मी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला फोन केला. उद्या त्या भागाचं पाणी सोडू नका, मी सांगेपर्यंत.

तो घाबरला. "साहेब, मोर्चा येईल!"

"येऊ द्या. मला तोच हवाय."

त्याच संध्याकाळी त्या कारखान्याच्या मालकालाही बोलावून घेतलं. सकाळी कोरे करकरीत सहा ड्रम वस्तीत हजर पाहिजेत, एवढंच त्याला सांगितलं.

उजाडता उजाडता बुद्धविहारासमोरच्या चौकात आम्ही उभे होतो. नव्या ड्रमांचा टेम्पो, मी, हवालदार आणि तो अग्निशमन अधिकारी. नेहमीची वेळ टळली. आधी दोन-चार दारं उघडली. मग कळशा, घागरी, बादल्या घेऊन माणसं यायला लागली, आणि बघता बघता चौक भरून गेला. यंत्रमागावर जाणारे पुरुष, शाळेचा गणवेश घातलेली पोरं, पदर खोचलेल्या बाया. सगळ्यांच्या पुढे विड्या वळणारी एक बाई होती. वस्तीतल्या कुठल्याही तंट्यात तिचाच आवाज पहिला असे.

"साहेब, आधी पानी सोडा की! पोरांची शाळा हाय, मला कारखान्याला जायचंय. तुमी हितं तमाशा लावलाय व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. "पाच मिनिटं बघा. मग शिव्या द्या."

अग्निशमन अधिकारी चौकालगतच्या मोकळ्या मैदानात गेला. हवेत चिमूटभर माती सोडून त्याने वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि सगळ्यांना त्या बाजूला उभं केलं. दूर एका पत्र्यावर शेडमधल्या ड्रममधली चमचाभर पावडर होती. लांब दांडीच्या पळीने त्याने तिच्यावर थोडंसं पाणी टाकलं. क्षणभर काहीच झालं नाही. कुणीतरी हसलं. मग ती पावडर फुसफुसली आणि गलिच्छ धुराचा लोट उठून पलीकडे वाहत गेला. वासाची नुसती झुळूक आली तरी पुढच्या बाया खोकू लागल्या.

"असं दिसलं तर पाणी घेऊन धावायचं नाही," तो म्हणाला. आयुष्यातलं त्याचं सगळ्यात मोठं भाषण ते असावं. "वाऱ्याकडे तोंड करून बाहेर पडायचं, आणि आम्हाला बोलवायचं."

मी टेम्पोकडे बोट केलं. "जुना द्या, नवा न्या. गुन्हा तुमच्यावर नाही."

पहिला ड्रम आला. मग दुसरा. तिसरा तर तीन घरं मागे पत्र्यांच्या आड लपवलेला होता. पाच ड्रम झाले. अधिकाऱ्याच्या माणसांनी ते झाकणं आवळून बाजूला नेले. टेम्पोत एक नवा ड्रम उरला.

आम्ही थांबलो. कुणीही पुढे येईना. गर्दी पुन्हा तापली. अभियंत्याचा फोन आला, आता सोडलं नाही तर पुढच्या भागाची पाळी बुडेल. हवालदार कानाशी म्हणाला, "ड्रमवाल्याचा आकडा चुकला आसंल, साहेब." सोडा पाणी, असं म्हणणं फार सोपं होतं.

मग सुचलं. इतका वेळ मी समोरच्यांकडे पाहत होतो. मी त्या विडीवाल्या बाईला विचारलं, "इथं आज कोण नाही?"

"म्हंजे?"

"पाणी नाही तरी जे बाहेर आले नाहीत, ते कोण?"

तिने मागे वळून गर्दीवर नजर फिरवली. एकदा आणि पुन्हा एकदा. तिच्या हातातली घागर खाली आली. "आजी न्हाय," ती म्हणाली. "कोपऱ्यावरची पद्मशाली आजी. गुडघं गेल्यात तिचं. आदी मीच भरायची तिचं पानी. मागल्या महिन्यात भाच्यानं पाइप बसवून दिला, तवापास्नं मी गेलीच न्हाय तिकडं..."

ती धावली. तिच्या मागे आम्ही.

दाराला आतून कडी होती. खिडकीच्या फटीतून मी आत पाहिलं. एकच खोली. भिंतीला खाट, खाटेवर म्हातारी पांघरूण घेऊन झोपलेली. तिच्या उशाशी निळा ड्रम. नळापासून निघालेला हिरवा पाइप त्या ड्रममध्ये सोडलेला होता, आणि नळाची तोटी पूर्ण उघडी होती. पहाटे उठवत नाही म्हणून तिने रात्रीच सगळी तयारी करून ठेवली होती. अर्ध्या शहरात असंच करतात. माझ्याही घरी करायचे.

मी अभियंत्याला फोनवर एवढंच म्हटलं, "व्हॉल्व्हला हात लावू नका."

विडीवाली बाई दार बडवत होती. आतून झोपेतला आवाज आला, "एवरू?" म्हणजे कोण आहे. सोलापुरातले पद्मशाली विणकर घरी तेलुगूच बोलतात. बाईही तेलुगूतच काहीतरी ओरडली. बऱ्याच वेळाने काठीचा टक टक आवाज दाराशी आला आणि कडी निघाली. अधिकारी आत शिरला, त्याने पाइप अलगद बाहेर काढला. ड्रमच्या तळाला पावडरीचा थर होता, ओंजळीपेक्षा बराच जास्त.

म्हातारीने आम्हा खाकीवाल्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "पानी आलं का?"

विडीवाल्या बाईने तिला मिठीच मारली आणि हमसून रडायला लागली. म्हातारीला काहीच समजेना. तिचा ड्रम उचलून नेताना पाहून ती चिडली, आणि नवा आत येईपर्यंत तिने आम्हाला तेलुगूत जे ऐकवलं त्याचं भाषांतर कुणीही करून दिलं नाही. त्यानंतर पाणी सुटलं.

स्टोअरवाल्यावर आणि मालकावर गुन्हा दाखल झाला, ड्रमवाल्याने साक्ष दिली. रुग्णालयातल्या दोघी घरी परतल्या. सुनेचा आवाज मात्र कायमचा घोगरा झाला. पुढे अग्निशमन दलाने वस्तीत सराव घेतला, तेव्हा जुना ड्रम घेताना काय विचारायचं आणि काय पाहायचं हे तिनेच सगळ्यांना सांगितलं. त्या घोगऱ्या आवाजापुढे आमच्या भोंग्याची गरज नव्हती. आणि विडीवाल्या बाईने गल्लीगल्लीत नेम लावून दिला. पाळीच्या सकाळी आपलं पाणी भरण्याआधी कुठलं दार उघडलं नाही ते बघायचं. पाइप असो वा नसो.

संकटाची तयारी म्हटलं की आपण भोंगे, गाड्या, मास्क यांचा विचार करतो. ते हवंच. पण बाहेर आलेल्या शंभर माणसांवरून जे कळत नाही, ते न आलेल्या एका माणसावरून कळतं, आणि तो कोण हे शेजाऱ्यालाच माहीत असतं. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

निवृत्तीनंतर हा किस्सा मी आमच्या गल्लीत इतक्यांदा सांगितला की पोरंसुद्धा कंटाळली. मागच्या हिवाळ्यात आमची मंडळी मुलीकडे गेली होती आणि मला सणकून ताप भरला. पाळीच्या सकाळी मी उठलोच नाही. केव्हातरी दार वाजू लागलं, जोरजोरात.

"काका! पाणी आलंय आणि तुम्ही दिसला नाहीत. दार उघडा आधी, ड्रमचं मी बघते!"

समोरच्या घरातली सून होती. भिंत धरत मी दारापर्यंत गेलो. सगळी नोकरी लोकांची दारं ठोठावण्यात गेली, आणि माझं दार असं काळजीने कुणी ठोठावल्याचं मला आठवत नव्हतं. कडी काढताना डोळे भरून आले. तिला म्हटलं, ताप आहे ना, म्हणून.