फळ्यावरचे अठ्ठावीस अंश

इंटरच्या प्रॅक्टिकलला मला नापास केलं, ते उत्तर बरोबर आलं म्हणून. हे सांगितलं की लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.

मध्य भारत राज्याचे दिवस होते आणि इंदूरच्या आमच्या कॉलेजात सायन्सला मी एकटीच मुलगी. संस्थानाच्या जुन्या दरबारात कारकुनी केलेल्या वडिलांनी एकाच अटीवर मला शिकू दिलं होतं: एकदा नापास झालीस की शिक्षण बंद.

प्रयोग होता बर्फ वितळायला किती उष्णता लागते ते काढण्याचा. तांब्याच्या भांड्यात पाणी घ्यायचं, टीपकागदानं कोरडा केलेला बर्फ त्यात टाकायचा आणि पारा किती उतरतो ते पाहायचं. पण भोवतालची हवा लुडबुड केल्याशिवाय थोडीच राहते! म्हणून पाणी खोलीपेक्षा पाच अंश गरम असताना सुरुवात करायची, पाच अंश थंड झालं की थांबायचं. आधी गेलेली उष्णता नंतर परत येते आणि हिशेब फिटतो. सगळी मदार खोलीच्या खऱ्या तापमानावर.

ते तापमान कुठून यायचं? प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीतून! तिथे दारांना वाळ्याच्या ओल्या ताट्या, खोली गारेगार. चपराशानं तिथला आकडा आणून आमच्या फळ्यावर लिहिला, अठ्ठावीस. इकडे पत्र्याखालच्या लॅबमध्ये आमचा घाम कागदावर टपटपत होता. मी टेबलावरच थर्मामीटर धरलं तर अडतीस. तेच धरून प्रयोग केला आणि उत्तर आलं एकोणऐंशी. पुस्तकात ऐंशी आहे. फळ्यावर विसंबलेल्या पोरांच्या पाण्याला हवा सारखी ऊब देत राहिली, त्यांची उत्तरं सत्तरपाशीच अडली.

बाहेरून आलेले परीक्षक माझा कागद बघून म्हणाले, "बाई, किताबातला आकडा मारलात ना? सबके सत्तर, तुमचेच एकोणऐंशी कसे?"

"सर, इथे अडतीस आहे. स्वतः बघा ना."

"फळ्यावर अठ्ठावीस आहे. ते लिहा, प्रयोग पुन्हा करा, पास करून टाकतो. बात खतम."

थर्मामीटर त्यांच्या हाताशी होतं. त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही! डोळ्यांदेखत पारा असताना मी खोटं का लिहू? मी नाही म्हणाले. त्यांनी कागदावर लाल रेघ ओढली.

घरी सगळं सांगितलं. वडील म्हणाले, "साहेबांनी लिहून दिलं होतं ना? मग तुला कोणी विचारलं होतं?" उभी हयात हुकूम उतरवून घेण्यात गेलेला माणूस! मी चोरी केली नाही, यावर त्यांचा विश्वास होता. म्हणूनच मला जास्त संताप आला.

कॉलेज सुटलं आणि महिन्याभरात मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, "शिक्षण मध्येच का सोडलं जी?"

वडील चटकन म्हणाले, "परीक्षेत आजारी पडली हो."

"मी आजारी नव्हते," मी म्हणाले. "माझं उत्तर बरोबर होतं."

वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत जा, चहा आण."

मी जागची उठले नाही. चहा आईनं आणला.