कॅस्मिरचा बाप्टिस्ट

सत्त्याण्णव साली कॅस्मिरची बायको पॉलिन मुलांना घेऊन वसईला परतली आणि महिन्याभरात त्याने घरात दुसरी आणली, ही बातमी दुबईतल्या अल मनखूलच्या त्या बिल्डिंगने चवीने चघळली. दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, बंद दारामागे तो तासभर कुणाशी तरी बोलत असे. शेवटी शेजारचे दत्तप्रसाद साखर मागायच्या निमित्ताने आत घुसले. बाई कुठली! समोर रिकामी खुर्ची, आणि कॅस्मिर एका जुन्या मराठी पुस्तकातून एकोणिसाव्या शतकातल्या कुणा बाप्टिस्ट पाद्र्याचं प्रवचन मोठ्याने वाचत होता. तो पाद्री म्हणे चर्चमध्ये चिटपाखरू नसलं तरी दार उघडून पूर्ण प्रवचन द्यायचा. हॉटेलच्या स्टोअरमध्ये आठवडाभर हिंदी-इंग्लिश बोलणाऱ्या कॅस्मिरच्या कानावर मराठी पडायची ती याच एका तासात, आणि तीही स्वतःचीच.

दत्तप्रसाद खुर्चीत ऐसपैस बसले. “अरे हबीबी, तू कॅथलिक, तो बाप्टिस्ट, वर शंभर वर्षांपूर्वी खलास झालेला! त्याचा तुला काय उपयोग?”

कॅस्मिर म्हणाला, “दत्ताभाऊ, तो मेलेला असून दर शुक्रवारी माझ्याकडे येतो. तुम्ही भिंतीला भिंत लागून राहता, ते आज सहा वर्षांनी आलात.”