गाळपेरीचा अर्ज

माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु माझ्या हातचे अर्ज वकिलांनीही वाखाणले आहेत. सोलापुरात कचेरीच्या भिंतीलगत माझे टेबल आहे. तेथे लिहिलेल्या हजारो अर्जांपैकी एक मला अद्याप स्वस्थ बसू देत नाही.

त्या वर्षी उजनीचे पाणी माघातच फार खाली गेले. भवानी पेठेत आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येई, आणि तिकडे धरणाच्या पोटातून बुडालेली शेते वर येत होती. पाणी ओसरलेल्या अशा जमिनीत एक हंगाम पीक घेण्याची परवानगी मिळते. तिला गाळपेर म्हणतात. काठच्या गावची एक वृद्ध बाई त्यासाठी माझ्याकडे आली. लग्नानंतर एकच वर्ष जे रान तिने पेरले, ते धरणात गेले होते. आता इतक्या वर्षांनी ते उघडे पडले होते.

"त्यात काय लिवायचं लई?" ती म्हणाली. "माजं रान हाय, भुईमूग लावू द्या म्हनावं. ट्रॅक्टरवाले टपून बसल्यात."

"मावशी, असा अर्ज साहेब हाती धरत नाहीत. त्यास पार्श्वभूमी लागते."

"लागू द्या की. पर पानी चढायच्या आत लागू द्या."

मी दोन दिवस घेतले. धरणाचा पाया, उठलेली गावे, डोक्यावर देव घेऊन निघालेली माणसे, वीजघर, कालवे, नदीत सोडलेल्या पाण्याची आमच्या पेठेपर्यंतची वाट, असा साद्यंत इतिहास चार पानांत उतरवला. भुईमूग चौथ्या पानाच्या तळाशी आला. वाचून दाखवताना गावे उठल्याचा भाग आला, तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. मग अंगठा उठवला.

टपाल घेणाऱ्या कारकुनाने पहिले पान चाळले आणि शेरा मारून कागद ठेवून घेतला.

ती दर आठवड्याला एसटीने येई.

"न्हाय आलं?"

"मोठ्या अर्जाला वेळ लागतो."

"शेजारनीनं चार वळी दिल्या हुत्या. तिचा भुईमूग फुलावर आला की."

चार ओळींना वजन नसते, असे मी तिला सांगितले.

उत्तर आले ते आषाढात, वरच्या धरणांचे पाणी उजनीत उतरू लागल्यावर. अर्ज शहराच्या पाणीपुरवठ्याच्या फायलीला लागला होता. नळाच्या पाण्याबाबत आपण केलेल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे, एवढाच मजकूर.

"म्हंजी लावायचा का न्हाय?" तिने विचारले.

"ते यात लिहिलेले नाही, मावशी."

"आन आपल्या कागदात तरी हुतं का?"

"होते. शेवटच्या पानावर."

मी नव्या अर्जासाठी कोरा कागद पुढे ओढला. तिने त्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "रानाचा बांद कालच बुडाला."